दिसलं आणि वाटलं

स्मरणिकेसाठी 'शाळेच्या आठवणी' पाठवा असा फोन आला तेव्हा मी आधी टाळलं. घंटा, पटांगण, मधल्या सुट्टीतली बोरं यांवर माझ्यापेक्षा बरं लिहिणारे माझ्याच वर्गात चार-पाच जण आहेत. पण या शाळेत माझं एक भांडण झालं होतं आणि पुढचं सगळं आयुष्य त्यावरच बेतलं गेलं. तेवढंच लिहितो.

भांडण १९७८ सालचं, नववी 'ब' मधलं. समोर विज्ञान-भूगोलाचे सर. त्यांचं नाव छापत नाही. "माझं नाव पगारपत्रकाबाहेर कुठं दिसता कामा नये," अशी त्यांनीच तंबी देऊन ठेवली होती. ओळखणारे ओळखतील. गळ्यात तुळशीची माळ, आषाढात रजा टाकून वारी, आणि मोडक्या खडूचा तुकडासुद्धा खिशात जपून ठेवायची सवय.

आमचं घर ख्रिस्ती. आजी तरुणपणी मिशनची बायबलबाई होती. नेवासा-राहुरीकडच्या वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन बायांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायची, आणि वेळ पडली तर त्यांची बाळंतपणंही करायची. दादा, म्हणजे माझे वडील, मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीवर. रोज संध्याकाळी दिवा लागला की प्रार्थना, आणि मी चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेत वचनं पाठ म्हणण्यात दरवर्षी पहिला. मिशनबंगल्यातल्या मॅडम मायदेशी परतताना आपलं इंग्रजी बायबल आजीला देऊन गेल्या होत्या. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण ते ट्रंकेत सर्वांत वर असायचं. त्याच्या पहिल्याच पानावर, 'प्रारंभी देवाने' च्या कडेला, बारीक अक्षरात छापलं होतं: इ. स. पू. ४००४.

त्या दिवशी सर फळ्यावर दख्खनच्या पठाराची आकृती काढत होते. म्हणाले, "तुमच्या पायाखालचा हा काळा फत्तर सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, हे खोटं आहे. पृथ्वीच पाच हजार नऊशे ब्याऐंशी वर्षांची आहे."

वर्ग हसला. चांगला मिनिटभर हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर ४००४ लिहिले, त्याखाली १९७८, बेरीज केली आणि माझ्याकडे वळले. "इसवी सनापूर्वी एक संपलं की लगेच इसवी सन एक लागतं. मध्ये शून्य साल नाही. एक वजा कर. एक्याऐंशी." मग वर्गाकडे बघून म्हणाले, "हसताय कशाला? त्यानं आकडा दिला, आणि आकडा कुठून काढला हे त्याला ठाऊक आहे. माझे साडेसहा कोटी कुठून आले ते तुमच्यापैकी कोण सांगतो?" कुणीच सांगेना. पुस्तकात आहे म्हणून खरं, यापलीकडे कुणाकडे काही नव्हतं. माझ्याकडेही तेच होतं, फक्त पुस्तक वेगळं.

"उद्या मला तुझ्या शास्त्रातली ती ओळ दाखव, जिथं हा आकडा लिहिलाय," एवढं सांगून त्यांनी मला बसवलं.

त्या रात्री कंदील घेऊन मी मराठी बायबलचं उत्पत्तीचं पुस्तक पहिल्यापासून शेवटापर्यंत चाळलं. आकडा नाही. आदाम किती वर्षांचा झाला, मथुशलह किती वर्षांचा झाला, सगळं आहे. पण ४००४ कुठंही नाही. आजीला मॅडमच्या बायबलातली कड दाखवली, तर ती म्हणाली, "ते कडंचं छापखान्याचं असतंय रे. शास्त्राचं मधी असतंय."

तो आकडा आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांचा, हे मला फार पुढं कळलं. वंशावळ्यांतली वयं आणि जुन्या राजांचे सन जुळवत १६५० च्या सुमारास त्यांनी सृष्टीच्या आरंभाचा ऑक्टोबर महिनासुद्धा काढला होता. मनुष्य मोठा विद्वान, त्याच्यावर हसण्यात अर्थ नाही. पण त्याचा हिशेब पुढं इंग्रजी बायबलांच्या कडेला छापला गेला, आणि नगर जिल्ह्यातला एक पोरगा त्यालाच देवाचा शब्द समजून सरांशी भांडला.

दुसऱ्या दिवशी ओळ सापडली नाही असं मी कबूल केलं. सरांना वाटलं तर ते तिथंच मला पुरा करू शकले असते. त्याऐवजी त्यांनी माझं मराठी बायबल आठवडाभर वाचायला मागून नेलं. परत आणलं तेव्हा त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, आणि सोबत एक प्रश्न. "सूर्य केला चौथ्या दिवशी. पण 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली, हा पहिला दिवस' असं आधीच आलंय. सूर्य नाही तर ती संध्याकाळ कशी झाली रे?"

मला येईना. दादांना विचारलं, ते रागावले. पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, विश्वासानं घे. हाच प्रश्न हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी विचारला होता आणि हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत असं मांडलं होतं, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर पुष्कळ रात्री झोप लागली असती. आकाश-पृथ्वीविषयी जाणकारांपुढं शास्त्राच्या नावानं भलतंच बोलून हसं करून घेऊ नका, अशी तंबीही त्यांनी ख्रिस्ती लोकांना देऊन ठेवलेली आहे.

सरांनी मला एक शंभर पानी वही दिली. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. नियम एकच: डावीकडचं भरल्याशिवाय उजवीकडं लिहायचं नाही.

त्याच डिसेंबरात शाळेची सहल निघोजला गेली. पारनेर तालुक्यातले कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले नाहीत असा आपल्याकडचा विद्यार्थी विरळा. नदीच्या पात्रातल्या काळ्या फत्तराला नुसती रांजणाच्या आकाराची भोकं पडलेली, काही गुडघ्याएवढी तर काही माणूस बुडेल अशी. मी तर हरखून गेलो. बायबलातल्या नोहाचा जलप्रलय माझ्या डोळ्यांपुढं होता! एवढा टणक दगड पाण्यानं असा कोरला, म्हणजे ते पाणी साधंसुधं नव्हतं. धावत जाऊन सरांना सांगितलं.

सर एका उथळ खळग्याच्या काठावर बसले होते. आत हात घालून त्यांनी तळातले दोन गुळगुळीत गोटे वर काढले. "हे काय करत होते खाली?" मला सांगता येईना. मग त्यांनी समजावलं. पुराच्या वेळी भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात, खडकाला आतून घासतात, स्वतःही झिजतात. पाणी ओसरलं की तळाशी बसतात आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहतात. "बरं, तुझा पूर किती दिवसांचा?"

"चाळीस दिवस पाऊस. दीडशे दिवस पाणी."

"हा मोठा खळगा दोन पुरुष खोल, बारा फूट धरू. म्हणजे एकशे चव्वेचाळीस इंच. दीडशे दिवसांत करायचा तर?"

"रोज जवळजवळ इंचभर, सर."

"घे हा गोटा. घास."

बाकीची पोरं सावलीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होती आणि मी खडकाला गोटा घाशीत होतो. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत घासलं. बोटांची सालं निघाली. दगडावर एक पांढुरका डाग पडला, तो सरांनी ओल्या रुमालानं पुसला आणि डागही गेला. मी हट्टानं म्हणालो, "पण सर, त्या पाण्याला जोर जास्त असेल." सर म्हणाले, "असेल. मी कुठं नाही म्हणतो? लिही की. उजवीकडच्या रकान्यात."

वहीचं ते पान अजून आहे. डावीकडं: 'एक तास घासले. काही झाले नाही. बोट सोलले.' उजवीकडं: 'पाण्याला जोर असेल.'

मे महिन्यात मामाच्या गावी गेलो. बहात्तरच्या दुष्काळात खोदलेली त्याची विहीर त्या वर्षी आणखी खाली न्यायचं चाललं होतं. सरांनी बजावलं होतं, नुसता पोहू नकोस, भिंत बघ. दोर धरून उतरलो. वर काळी माती, खाली मुरूम, मग अखंड काळा फत्तर, त्याखाली पांढऱ्या टिकल्या-टिकल्यांचा ठिसूळ मांजऱ्या दगड. आणि त्यांच्यामध्ये एके ठिकाणी हातभर जाडीचा तांबडाभडक पट्टा, वरच्या अंगाला विटेसारखा भाजलेला. खाली पुन्हा काळा फत्तर. विहीर खोदणाऱ्या गड्याला विचारलं, तो म्हणाला, "गेरू हाये. सगळ्याच हिरींना लागतो, कुठं वर, कुठं खाली."

सगळ्या विहिरींना लागतो!

मी त्या पट्ट्यावर हात ठेवून उभा राहिलो. खडकाची माती व्हायला ऊन लागतं, पाऊस लागतो, वारा लागतो. म्हणजे ही तांबडी माती एके काळी उघड्यावर होती. खालचा दगड ओतला गेला, थंड झाला, ऊनपावसात झिजून त्याची माती झाली. मग वरून पुन्हा तापलेला रस आला आणि त्यानं ती भाजून काढली. हे एकदा नाही, कितीतरी वेळा झालं. सह्याद्रीत तर असे थर दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत एकावर एक रचलेले. एका पुरात हे कसं बसवायचं? 'वाटलं' च्या रकान्यात मी त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. पान कोरं सोडलं.

जूनमध्ये वही दाखवली. सर बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिले. म्हणाले, "तुझी सहा हजार वर्षं. आमचा तर 'युगे अठ्ठावीस' विटेवर उभा आहे. विहिरीला दोन्हीतलं काही ठाऊक नाही. तिला जे ठाऊक आहे तेवढं आधी ऐकून घे."

इथं गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण मी इतक्यात हार मानणारा नव्हतो. पुण्याला भूशास्त्र घेतलं ते खरं सांगायचं तर भूशास्त्राला आतून पोखरायला. वसतिगृहात माझ्यासारखेच दोघं-तिघं भेटले, पत्रकं मिळाली, आणि लॉर्ड केल्व्हिन सापडले. एकोणिसाव्या शतकातले सर्वांत मोठे भौतिकशास्त्रज्ञ, शिवाय श्रद्धावान ख्रिस्ती. भूशास्त्रज्ञ हवी तेवढी वर्षं मागून घेत असताना या गृहस्थांनी १८६२ साली पृथ्वी किती वेगानं थंड होते याचा हिशेब मांडला आणि दोन ते चाळीस कोटी वर्षांची चौकट घातली. पुढं तर ते दोन ते चार कोटींवर आले. आणि तेही चुकले! मी सरांना नऊ पानी पत्र लिहिलं: एवढा मोठा शास्त्रज्ञ चुकतो, तर आजचे कशावरून बरोबर?

सरांचं उलटटपाली पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. 'केल्व्हिन चुकले, मान्य. दुरुस्तीनंतर वय कमी झालं की वाढलं?'

वाढलं होतं, सर. पृथ्वीच्या पोटातला खडक सावकाश का होईना वाहत असेल तर आतली उष्णता वेगळ्या रीतीनं वर येते आणि केल्व्हिन यांचं वय कितीतरी पटींनी वाढतं, हे १८९५ साली जॉन पेरी यांनी दाखवलं. हे पेरी एके काळी केल्व्हिन यांच्याच हाताखाली काम केलेले. गुरूला त्यांनी गणित मांडून खोडलं. पुढच्याच वर्षी किरणोत्साराचा शोध लागला, त्यातून वय मोजायची नवी घड्याळं हाती आली, आणि १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी अशनींमधल्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमधल्या, शिशावरून आकडा दिला: सुमारे ४५५ कोटी वर्षं. विज्ञान चुकतं हे माझं हत्यार होतं. पण ज्या दुरुस्तीचा मी दाखला देत होतो ती मला माझ्या उत्तरापासून आणखी लांब घेऊन गेली होती, हे मी सोयीनं वाचलं नव्हतं.

शेवटचा मोर्चा फिलिप गॉस यांचा. हे इंग्रज निसर्गअभ्यासक १८५७ साली म्हणाले की आदामाला जशी आईविना बेंबी असेल, तशी पृथ्वीही देवानं जुनी दिसणारीच निर्माण केली, जीवाश्मांसकट. मला हे फार आवडलं, कारण याला उत्तरच नाही. सुट्टीत घरी आल्यावर आजीला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हंजी देवानं नवा हंडा दिला, पण पोचे पाडून दिला, आपल्याला जुना वाटावा म्हणून? असलं कासार करतो, देव नाय करत."

मी तिथं थांबलो. आजीची प्रार्थना चुकवली नाही, आजही चुकवत नाही. पण दगडांशी भांडायचं थांबवलं. आपण प्रश्न विचारतो आहोत असं मला नववीपासून वाटत होतं. खरं तर उत्तर आधीच खिशात होतं आणि मी त्याला पुरावे जमवत फिरत होतो. पहिला खरा प्रश्न मला विहिरीत पडला, उत्तर माझ्या विरुद्ध जाईल हे दिसत असतानाही.

याची किंमत नव्हती असं नाही. दादा सहा महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. एका मंडळीत दोन वर्षं मला शब्बाथ शाळेत शिकवू दिलं नाही, पोरांना बिघडवेन म्हणून. त्याच काळात भूजल सर्वेक्षण यंत्रणेत नोकरी लागली, आणि तिथं माझ्या धर्मातल्या सहा दिवसांवर चहाच्या वेळी हसणारे एक सहकारी स्वतःच्या शेतात बोअर घेताना पाणी दाखवायला पायाळू माणूस शोधत तालुकाभर फिरताना पाहिले. माणसं कुठं प्रश्न विचारतात आणि कुठं गप्प बसतात, याचा काही नेम नाही.

नोकरीत विदर्भात जाणं झालं तेव्हा स्टीफन हिस्लॉप यांची नीट ओळख झाली. स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ पासून नागपुरात, मराठी शिकलेले. नागपुरातलं कॉलेज त्यांच्या नावाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्यांच्या गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, झाडांची फळं, बिया यांचे जीवाश्म टाकळीजवळ शोधून काढणारे हेच. आपल्या विहिरीतल्या तांबड्या पट्ट्याची ही मोठी भावंडं. म्हणजे १८५० च्या दशकातच, आमच्या घरी बायबल यायच्या कितीतरी आधी, एक पाद्री हातात हातोडी घेऊन हे सगळं वाचत होता! १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. मंडळीत मला त्यांच्याविषयी कुणी सांगितलं नव्हतं आणि कॉलेजातही नाही. दोन्हीकडच्यांना तो गैरसोयीचा माणूस असावा.

तीच गत जॉर्ज लमेत्र यांची. विश्व एका बिंदूएवढ्या आरंभातून प्रसरण पावत आलं ही कल्पना १९२७ ते १९३१ च्या दरम्यान मांडणारा हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू. 'महास्फोट' हे नाव तिला फ्रेड हॉईल यांनी १९४९ साली रेडिओवर दिलं, आणि त्यांना स्वतःला ती अजिबात मान्य नव्हती. हॉईल यांचे शिष्य आपले जयंत नारळीकर. त्यांनीही सर्वमान्य झालेल्या त्या सिद्धांताला पुण्यात बसून शेवटपर्यंत आव्हान दिलं. पाद्र्याचा सिद्धांत सगळं जग मानतं आणि फलज्योतिषाची परीक्षा घेणारा मराठी शास्त्रज्ञ त्यावर शंका घेत राहिला! आणखी एक गंमत. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. आपलं गणित श्रद्धेच्या खांद्यावर बसवलेलं त्यांना नको होतं. मी त्यांच्या जागी असतो तर पेढे वाटले असते.

नारळीकरांकडं बघून मला सरांचं पोस्टकार्ड आठवायचं. सर्वमान्य गोष्टीवर शंका घ्यायला काही हरकत नाही; पण मग पर्यायी हिशेब मांडायचा, त्यातून काय दिसायला हवं ते आधी सांगायचं आणि निकालाला सामोरं जायचं. नववीतल्या माझ्याकडं हिशेब होता, निकाल ऐकायची तयारी नव्हती.

आणि हो, सरांचा आकडाही दुरुस्त झाला आहे. अलीकडे लाव्ह्याच्या थरांमधल्या अशाच पट्ट्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून युरेनियम-शिसे पद्धतीनं वय काढलं गेलं. ते सहा कोटी साठ लाखांच्या आसपास येतं. माझ्यापेक्षा पुष्कळच कमी चुकले म्हणायचे.

विज्ञानाची एक समजूत मला आजही पटत नाही. माणसाची सदसद्विवेकबुद्धी म्हणजे टोळीनं टिकून राहावं म्हणून उत्क्रांतीत पडलेली निव्वळ एक सवय, असं कुणी म्हटलं की माझ्या आत काहीतरी उभं राहतं. परक्याच्या वस्तीवर रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाणारी आजी दिसते. पण माझ्याकडं त्याची विहीर नाही, पट्टा नाही. म्हणून ते उजवीकडच्या रकान्यात लिहितो.

सरांना शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं. आवाजावरून ओळखलं. "तुझ्या पहिल्या तीन संध्याकाळींचा हिशेब लागला का रे?"

"नाही, सर."

"आमचाही अठ्ठावीस युगांचा नाही लागला. चहा घे."

एक गोष्ट मात्र त्यांना सांगायची राहिली. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एक तरुण उपदेशक पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन आला. सहा हजार वर्षं, जलप्रलय, डायनासोरच्या शेजारी उभा माणूस, सगळं रंगीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या बाकावर होतो. तीस वर्षं या जिल्ह्यातल्या विहिरींत उतरलेला माणूस, आणि उठलो नाही. उपासनेत तमाशा नको, असं स्वतःला समजावलं. सरांनी मला चाळीस हसऱ्या पोरांमध्ये उभं राहू दिलं होतं. मी त्या तरुणाला साधा एक प्रश्नही विचारला नाही.

अमृतमहोत्सवासाठी शाळेला बारा दगड पाठवत आहे. काळा फत्तर, मांजऱ्या, मुरूम, पोकळीत वाढलेली गारगोटी, निघोजचा नदीबाहेर पडलेला एक गोटा, आणि मामाच्या विहिरीतला तो तांबडा पट्टा, जो हाताळला की बोटाला रंग लागतो, म्हणून डबीत घातला आहे. प्रत्येकासोबत एक कार्ड. गाव, तालुका, किती फुटांवर मिळाला, हे डावीकडं लिहिलं आहे. उजवीकडची बाजू कोरी आहे. मुलांना पेनानं लिहू द्या. पुढच्या तुकडीसाठी कार्डं बदलता येतील, जास्तीची दोनशे सोबत ठेवली आहेत. कपाटाला कुलूप लावू नये ही विनंती.